लाल किटली, पिवळं इंजिन आणि मध्याखाली राहणारा काटा

पत्र : आमची २०१५ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, १,०८,००० किलोमीटर झालेली. रोज शाळेत जायला-यायला वापरते, एका वेळी जेमतेम पाच किलोमीटर. महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला माहेरी जाते. गेल्या उन्हाळ्यात परतताना घाटात गाडी तापली, तेव्हा गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. 'आता कधी तापणार नाही' म्हणाला, आणि तापली नाही. पण तेव्हापासून तापमानाचा काटा हायवेला मध्याच्या बराच खाली राहतो. दिवाळीपासून इंजिनचा पिवळा दिवा लागलेला आहे. गाडी नीट चालते, पीयूसीही झाली. आता पंधरा दिवस झाले, सिग्नलला थांबलं की तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकतो आणि जरा रेस दिली की जातो. गॅरेजवाला म्हणतो सेन्सर गेलाय, बदलू. आणि पिवळ्या दिव्याचा त्रास होत असेल तर मीटर उघडून मागे टेप लावू. शिवाय टाकी फुल केल्यावर पेट्रोलचा काटा साठ-सत्तर किलोमीटर हलतच नाही आणि मग भराभर उतरतो. आधी काय बघू?
– एक वाचक, कराड

ताई, आधी किटली. ती बघून होईपर्यंत गाडी दारातच राहू द्या, शाळेला रिक्षाने जा. पिवळा दिवा आठवडाभर थांबेल, पेट्रोलचा काटा तर वर्षभरही थांबेल.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. तुमच्या चारपैकी तीन तक्रारींचं मूळ एकच असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते त्या गॅरेजच्या भंगारात कुठेतरी पडलेलं असेल : काढून टाकलेला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. कसं ते ओघात येईलच.

किटलीचं चित्र पाहून वाटतं की दिवा तेल कमी झाल्याचं सांगतोय. त्याला तेल किती आहे हे ठाऊकच नसतं. इंजिनच्या ब्लॉकला, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, अंगठ्याएवढा एक स्विच पिळून बसवलेला असतो. त्याला एकच वायर जाते. आत एक पातळ पडदा आणि त्याच्यामागे स्प्रिंग. तेलाचा दाब पडदा ढकलून संपर्क तोडतो आणि दिवा विझतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली आला की स्प्रिंग जिंकते, वायर बॉडीला अर्थ होते आणि दिवा लागतो. पीएसआयमध्ये हे ४ ते ७ होतात. चाकात आपण ३०च्या वर हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. किटली लागते तेव्हा दाब जरासा उतरलेला नसतो, संपत आलेला असतो.

मग रेस दिल्यावर दिवा का जातो? ऑइल पंप इंजिनच्याच जोरावर फिरतो. सिग्नलला इंजिन मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर आलेलं असतं, पंप मंद असतो, तेल तापून पातळ झालेलं असतं; फेऱ्या वाढल्या की दाबही वाढतो. सेन्सर बिघडूनही असं होऊ शकतं, स्विच म्हातारे होतात. पण तेल कमी असणं, तेल फार पातळ होणं, चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातली) जाळी काळ्या चिकट गाळाने बुजणं, पंप झिजणं आणि क्रँकची बेअरिंगं ढिली होणं, या पाचही गोष्टी डॅशबोर्डवर हुबेहूब अशाच दिसतात. दाब न मोजता स्विच बदलणं म्हणजे ताप न बघता थर्मामीटर बदलण्यासारखं.

घरी काय करायचं? गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढून पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच तेल थोडं थोडं, पावशेर-पावशेर घालून मोजत जा. बहुतेक छोट्या गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर लिटरभर किंवा त्याहून थोडं कमी असतं. वरची खूण ओलांडू नका.

आता खरी गंमत. तेल कमी नसून उलट पूर्वीपेक्षा वाढलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. तेल आपोआप वाढत नसतं. डिपस्टिकचं टोक नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला, बोटांत चोळल्यावर तेल पाण्यासारखं वाटलं, तर चेंबरमध्ये पेट्रोल उतरतंय. तुमच्या बाबतीत मला हीच शंका जास्त आहे. थर्मोस्टॅट नसल्याने पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिनला गरम व्हायला खूप वेळ लागतो. पाच किलोमीटरच्या फेरीत ते पुरतं गरम होतच नाही. थंड इंजिनला ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, जादा पेट्रोल देतो. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली तेलात जातं. लांबच्या प्रवासात तेल नीट तापलं की हे पेट्रोल उडून जातं. रोजच्या शाळेच्या फेरीत तसं तापतंय कुठे? आठ-नऊ महिन्यांत तेल इतकं पातळ होतं की आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) दाब टिकत नाही. चिपळूणच्या एका फेरीने महिनाभराचं सगळं पेट्रोल उडेल असं समजू नका.

त्यानंतर गॅरेज. (शक्यतो दुसरं.) तिथे मागायचं ते इतकंच : 'स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावा आणि गरम इंजिनवर दाब दाखवा.' वीस मिनिटांचं काम आहे. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला की इंजिन पुरेसं गरम झालं असं धरा. आयडलिंगला १५ पीएसआयच्या आसपास आणि ३,००० फेऱ्यांना ४०-४५ असेल तर तब्येत चांगली. नेमके आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ते मिळेपर्यंत 'दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय' हा मिस्त्रींचा जुना हिशोब चालतो. गेजवर १५ आहे आणि दिवा तरीही लुकलुकत होता, तर स्विचच गेलेला; बदला, गॅरेजवाल्याचं खरं होतं. स्विचच्या कनेक्टरमध्ये तेल झिरपलेलं दिसलं तरी तो गेलाच. वायरचाही दोष असू शकतो : चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, स्विचची वायर काढली की दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय.

नवा स्विच बसवताना नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आट्यांवर भरमसाट गुंडाळू देऊ नका. या स्विचला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळते. टेपने ती तुटली की किटली कधीच लागणार नाही, दाब शून्य झाला तरी. आणि टेपची तुसं तेलाच्या बारीक वाटेत अडकली तर तो वेगळाच उद्योग.

गेजवर आयडलिंगला ५-७च दिसले आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल, तर तेल आणि फिल्टर बदलून लगेच पुन्हा मोजायला सांगा. आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. १५च्या घरात गेला तर दुखणं पातळ तेलाचं होतं. ताज्या, योग्य ग्रेडच्या तेलावरही ७च्या वर जात नसेल तर चेंबर उतरवून जाळी साफ करणं, मग पंप, मग बेअरिंगं, याच क्रमाने जा. 'जरा जाड तेल टाकू, दिवा जाईल' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. दिवा जाईल, झीज राहील. आणि थंड सकाळी तेच जाड तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला उशीर लावेल.

चालत्या गाडीत किटली लागून तशीच राहिली, रेस देऊनही गेली नाही, तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही. क्लच दाबा, इंजिन बंद करा, वेगावरच बाजूला घ्या. चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. स्टिअरिंग जड लागेल. ब्रेकला दोन-तीन दाबांपुरता जोर शिल्लक असतो, तेव्हा एकदाच दाबून धरा. तेलाविना बेअरिंग धरायला मिनिटभरही पुरतं.

आता तापमानाचा काटा. त्याच्या दुसऱ्या टोकाला, कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात) बुडवलेला, पितळी नाकाचा एक सेन्सर असतो. तो गरम झाला की त्याचा विद्युतरोध घटतो : २० अंशांना साधारण सव्वादोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास, उकळत्या पाण्यात दोनशेच्या घरात. ईसीयू हा रोध वाचून काटा हलवतो, आणि त्यात थोडी लबाडी असते. तापमान साधारण पंच्याहत्तर ते शंभरच्या पुढे थोडं, या सगळ्या पट्ट्यात काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. नाहीतर प्रत्येक चढाला लोक घाबरून गाडी थांबवतील. म्हणजे मध्यावरचा काटा 'ठीक आहे' एवढंच सांगतो, आणि मध्यावरून हलला की बातमी जुनी झालेली असते. तुमचा काटा हायवेला मध्याखाली राहतो याचा अर्थ इंजिन सत्तरच्याही खाली चाललंय. कुंभार्ली उतरताना तो आणखी पडत असेल, बघा.

इंजिनला ८५ ते ९५ अंश हवे असतात. थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी झडप, अंगावर कोरलेल्या ८२ किंवा ८८सारख्या आकड्यापाशी उघडायला लागते. ती काढल्याने गाडी 'बरी' होत नाही. काही इंजिनांत तर हीच झडप पूर्ण उघडल्यावर पाण्याची आतली आडवाट बंद करते. ती नसली की अर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. तुमची तापली होती तिचं कारण तर कुणी शोधलंच नाही. जाम झालेला थर्मोस्टॅट असू शकतो, पण पंख्याचा रिले, चिखलाने बुजलेल्या रेडिएटरच्या पाकळ्या किंवा दाब न धरणारं झाकणही असू शकतं. त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. कुकरसारखंच : दाब धरला की निम्मं कूलंट असलेलं पाणी १२० अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही, रबर फाटलं की आधीच उकळतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तपासून घ्या. जुन्या पातेल्यात पाणी तापवून तो दोऱ्याने लोंबकळत सोडा, बुडाला टेकू देऊ नका. कोरलेल्या आकड्यापाशी तोंड किलकिलं व्हायला हवं, उकळी येता येता आठेक मिलिमीटर उघडायला हवं, आणि बाहेर काढल्यावर घट्ट मिटायला हवं. पातेलं स्वयंपाकघरात परत नेऊ नका; वापरलेल्या भागाला कूलंट लागलेलं असतं आणि ते विषारी असतं.

आणि एक सापळा. सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तोवरच खरं बोलतो. पाइप फुटून पाणी गेलं की तो वाफेत किंवा हवेत लोंबकळतो आणि काटा चढण्याऐवजी पडू शकतो. पोफळीहून घाट चढताना काटा अचानक खाली आला आणि हीटर लावल्यावर गार हवा यायला लागली, तर गाडी थंड झालेली नाही, पाणी संपलंय. तिथेच थांबा. काटा नुसता वर चढत असेल तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. घामाघूम व्हाल, पण तेवढी उष्णता इंजिनमधून निघते. काटा लाल पट्ट्याला लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतून हेड वाकवलेल्या गाड्या घाटाखालच्या गॅरेजांना नव्या नाहीत.

पिवळ्या दिव्याकडे येऊ. या दिव्याच्या मागे एक स्विच नसून अख्खा ईसीयू आहे. शंभरेक गोष्टींपैकी काहीही चुकलं की तो लागतो. म्हणून त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, कोड वाचावा लागतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर भागतं. तुमच्याकडे 'पी ०१२८' निघाला तर आश्चर्य वाटणार नाही. त्याचा अर्थ इंजिन ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचत नाही. 'पी ०३०१' ते 'पी ०३०४' म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचं मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग आणि कॉइल बघा. 'पी ०४२०' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा डबा, नीट काम करत नाही. जादा पेट्रोलवर महिनोन्महिने चाललेल्या गाडीत तोही निघू शकतो. त्याच ॲपमध्ये कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं, काट्याची लबाडी न होता. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही ८०च्या वर जात नसेल तर कोडचीही वाट बघायला नको.

इंटरनेटवर 'पेट्रोलचं झाकण घट्ट करा, दिवा जाईल' असं सारखं वाचायला मिळतं. तो सल्ला मुख्यतः अमेरिकेतल्या गाड्यांचा. तिथे टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते. झाकण तुम्ही घट्ट लावाच, पण त्याने तुमचा दिवा जाईल अशी आशा नको.

पीयूसी झाली म्हणून दिवा खोटा ठरत नाही. त्या तपासणीत नळी सायलेन्सरमध्ये घालून धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, ईसीयूला कुणी काही विचारत नाही. कोड नुसता पुसून घेण्यातही अर्थ नाही. दोष तसाच असला तर पुढच्या एक-दोन फेऱ्यांत दिवा परत येतो, आणि दोष दुरुस्त झाला असेल तर बहुतेक गाड्यांत लागोपाठ तीन फेऱ्या नीट गेल्या की आपणहून विझतो.

दिवा स्थिर असेल तोवर गाडी चालवता येते. लुकलुकायला लागला तर गोष्ट वेगळी : मिसफायर इतकं वाढलंय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, हळू चालवत जवळच्या गॅरेजला घ्या.

टेप मात्र लावू देऊ नका. दिवाळीपासून तुमचा दिवा लागलेलाच आहे, त्यामुळे मध्यंतरी दुसरा एखादा दोष निर्माण झाला असेल तर तो सांगायला गाडीकडे जागाच उरलेली नाही. सेकंडहँड गाडी घेतानाही हेच बघायचं : चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, किटली, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग असे सगळे दिवे लागायला हवेत. एबीएस आणि एअरबॅगचे काही सेकंदांत विझतात, किटली आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर. जो लागतच नाही त्याचा बल्ब गेलाय किंवा कुणीतरी घालवलाय.

बॅटरीचा लाल दिवा तुम्ही विचारला नाहीत, पण तापमानाशी नातं आहे म्हणून दोन ओळी. तो बॅटरीबद्दल नसतो, चार्जिंगबद्दल असतो. चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. त्याच्या बरेच खाली म्हणजे आल्टरनेटर काम करत नाही. बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. बॅटरीचा दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढला तर बेल्ट तुटलाय. तसंच घरापर्यंत जाण्याचा मोह टाळा.

राहिला पेट्रोलचा काटा. तो बिघडलेला नाही. टाकीत एका दांडीला फ्लोट असतो, दांडीचं दुसरं टोक रोधाच्या पट्टीवर सरकतं. फ्लोट टाकीच्या छताला टेकला की त्याच्यावर भरलेलं पेट्रोल, आणि नळीत भरलेलं, त्याला मोजताच येत नाही. साठ-सत्तर किलोमीटर म्हणजे तुमच्या गाडीचे चार-साडेचार लिटर. ते संपेपर्यंत फ्लोट छतालाच चिकटून असतो. नोझल आपोआप बंद झाल्यावर 'अजून थोडं' म्हणून भरत असाल तर त्याहून जास्त. पुढे तो भराभर उतरतो, कारण टाकी सरळ डब्यासारखी नसते. काटा एकाच ठिकाणी शून्याला जाऊन परत येत असेल तरच पट्टी झिजली असं समजा. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरतं, त्यामुळे घाटात लागलेला रिझर्व्हचा दिवा सपाटीवर विझूही शकतो. रिझर्व्ह नेमकं किती हे कळायला दिवा सपाट रस्त्यावर लागला की लगेच फुल करा, आपोआप बंद होईपर्यंतच, आणि मॅन्युअलमधल्या टाकीच्या लिटरमधून भरलेले लिटर वजा करा. छोट्या गाड्यांत पाचेक लिटर उरतात. ते वापरायची सवय लावू नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्याला थंड ठेवणारं तेच पेट्रोल असतं.